आधी दोरी, मग कडी

हाताने फ्लाय रॉड बांधायला घेणारा माणूस महिनोन्महिने ब्लँक शोधत असतो. ब्लँक म्हणजे मूठ, रीळ, कड्या यांपैकी काहीच न बसवलेली नुसती काठी. बुचाची मूठ कोणत्या आकाराची, रिळाची बैठक लाकडाची की धातूची, यावरही तो बराच विचार करतो. ज्या कड्यांमधून दोरी धावते, त्या गाईडची पाळी मात्र सगळ्यात शेवटी येते आणि तेव्हा दुकानातला तयार संच उचलून तो मोकळा होतो. मला हे पटत नाही. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर बांधलेली पिसांची माशी जवळपास बिनवजनाची असते. लांब फेकली जाते ती दोरी. माशी तिच्यामागून जाते. ही दोरी फेकताना काठीला भिडते ती या कड्यांपाशीच. गेल्या दीडशे वर्षांत या कड्या का बदलत गेल्या हे पाहिलं, की निवड कशी करायची हेही बरंचसं उलगडतं.

सुरुवातीला कडी नव्हतीच. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर सांगितला जातो. त्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी थेट काठीच्या टोकाला बांधलेली आहे. सतराव्या शतकात रीळ आलं, टोकाला एक कडी आली आणि दोरी पहिल्यांदा काठीवरून मागेपुढे सरकू लागली. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ याच शतकातलं, १६५३ चं.

खरी गोष्ट सुरू होते एकोणिसाव्या शतकात. ग्रीनहार्ट, हिकरी अशा जड लाकडांच्या काठ्या होत्या. त्यांच्या जोडीला बांबूच्या चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या काठ्या येऊ लागल्या. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप याने १८४० च्या दशकात असे प्रयोग केले. १८७० च्या दशकात हायरम लिओनर्डने सहा चिरफळ्यांची काठी नावारूपाला आणली. त्या काळातला बांबू आपल्याकडून, कलकत्त्याच्या बंदरातून जायचा आणि कारागीर त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. या सगळ्या सुंदर काठ्यांवर कड्या होत्या त्या लोंबत्या. काठीला एक बारीक आकडा बांधायचा आणि त्यात सैल वर्तुळ अडकवायचं. काठी पिशवीत घालताना, झुडपातून जाताना ही वर्तुळं काठीलगत आडवी पडायची, कशात अडकायची नाहीत. सोय म्हणून हे चांगलंच होतं. पण ओली दोरी काठीला चिकटायची, सैल कडी तिरकी होऊन दोरीला धरून ठेवायची. केसांची किंवा केस-रेशमाची हलकी दोरी ठरावीक लांबीवर फेकायची, प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, अशा मासेमारीत ते चालून गेलं.

मग दोरी बदलली. विणलेल्या रेशमात तेल मुरवून केलेली गुळगुळीत, वजनदार दोरी आली. त्याच सुमाराला दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट, इचेन अशा चुनखडीच्या भागातल्या स्वच्छ नद्यांवर कोरड्या माशीची पद्धत रुळली. फ्रेडरिक हॅलफर्डचं तरंगत्या माश्यांवरचं पुस्तक १८८६ चं आहे. १८९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डनला आपल्या माश्यांचे नमुने पाठवले आणि ही पद्धत न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या नद्यांवर पोहोचली. कोरडी माशी पाण्यावर तरंगायला हवी. म्हणून ती पाण्याला न टेकवता दोरी हवेत आसुडासारखी पुढेमागे फिरवायची, माशीतलं पाणी झटकायचं आणि शेवटच्या फेकीला हातातली मोकळी दोरी सोडून द्यायची. ही सोडलेली दोरी कड्यांमधून सुळकन निघून गेली पाहिजे. लोंबत्या कड्या इथे निरुपयोगी ठरल्या.

त्यांच्या जागी आली ती स्नेक गाईड, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी वस्तू वाटते. एकच तार घ्यायची, तिला नागमोडी पीळ द्यायचा, दोन्ही टोकं, म्हणजे पाय, चपटे करायचे आणि ती काठीवर ठेवून रेशमी धाग्याने गुंडाळून वर व्हार्निश द्यायचं. ना सांधा, ना वेगळं वर्तुळ. तारेचा पीळ आणि काठी यांच्यामधल्या फटीतून दोरी जाते. तारेला ती थोड्याच जागी टेकते, काठीपासून उचललेली राहते आणि ओली असली तरी चिकटत नाही. पीळ कोणत्या बाजूला, यावरून इंग्रजी आणि अमेरिकी असे दोन प्रकार पडले. दोरीला त्याने फारसा फरक पडत नाही. जुन्या काठीची डागडुजी करताना मात्र तो पाळावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आलेली ही कडी आजही नव्याकोऱ्या कार्बनच्या रॉडवर दिसते. काठीचं द्रव्य दोनदा बदललं, दोरीचंही बदललं, ही टिकली. नुसत्या परंपरेच्या प्रेमाने कुठलीही वस्तू इतकी टिकत नाही.

मुठीजवळच्या पहिल्या कडीची, म्हणजे स्ट्रिपिंग गाईडची, गोष्ट वेगळी. हाताने ओढलेली दोरी तिथे कोनात वळते आणि सगळी घासाघीस तिथेच होते. दोरीवर नदीतली रेती चिकटलेली असते. रेतीतलं क्वार्ट्झ त्या काळच्या निकेल-सिल्व्हरसारख्या धातूंपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे धातूत खाच पडायची आणि ती खाच रेशीम कापायची. म्हणून तिथे अकीक बसवला जाऊ लागला. अकीक हाही क्वार्ट्झचाच प्रकार, त्यामुळे रेतीला पुरून उरणारा. जुन्या बांबूच्या रॉडवरचा तो मधाच्या रंगाचा खडा फार देखणा दिसतो. पण काठी दगडावर आपटली की त्याला चीर जायची आणि तडकलेला अकीक दोरीला धातूच्या खाचेहून वाईट. पुढे टंगस्टन कार्बाइडच्या कड्या आल्या, ‘कार्बोलॉय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. त्या कठीण आणि टिकाऊ होत्या, पण जड होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. काचतंतूंची काठी आली आणि १९५० च्या दशकात पीव्हीसीचा लेप दिलेली दोरी आली. रेशमी दोरी रोज सुकवावी लागे, तिला मेण किंवा तेल लावावं लागे. नव्या दोरीने ते सगळं संपवलं. पण तेवढ्याच वजनाची तरंगणारी नवी दोरी रेशमापेक्षा जाड होती. १९६० च्या सुमाराला दोऱ्यांना वजनावरून क्रमांक द्यायचं ठरलं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. हा क्रमांक वजन सांगतो, जाडी सांगत नाही. रेशमाच्या काळातल्या बारीक कड्यांची मापं लोक सवयीने पुढे चालवत राहिले आणि जाड दोरी त्यांत रखडत राहिली. जुन्या रॉडवर नवी दोरी लावून ‘काठीत दम नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी कडीचं माप तपासावं.

१९७० च्या दशकात कार्बनतंतूंची काठी आली आणि वजनाचा हिशेब उलटापालटा झाला. तसं पाहिलं तर बांबूच्या रॉडचा नामवंत कारागीर एव्हरेट गॅरिसन हा पेशाने इंजिनिअर. काठीची जाडी ठरवताना तो गाईड, व्हार्निश आणि कड्यांमधल्या दोरीचं वजनसुद्धा गणितात धरायचा. होगी कारमायकल (धाकटे) यांनी त्याच्यासोबत लिहिलेल्या १९७७ च्या पुस्तकात हे सगळं आलं आहे. पण बांबू मुळात जड, तिथे कडीचा वाटा थोडा. कार्बनच्या हलक्या ब्लँकवर तोच वाटा मोठा झाला. फेकीच्या वेळी टोक सगळ्यात वेगाने हलतं, त्यामुळे टोकाजवळ वाढलेला अर्धा ग्रॅम काठी मंद करतो. मुठीजवळ तोच अर्धा ग्रॅम जाणवतही नाही. आणि वजन नुसत्या तारेचं नसतं, वर गुंडाळलेल्या धाग्याचं आणि त्यावरच्या इपॉक्सीचंही असतं. एकाच पायाची कडी लोकप्रिय झाली ती याचसाठी, एक गुंडाळी वाचते म्हणून.

जपानच्या फुजी कंपनीची सिरॅमिक कडी याच काळातली. आधी ॲल्युमिनियम ऑक्साइड, मग सिलिकॉन कार्बाइड. अतिशय गुळगुळीत, अतिशय कठीण, उष्णता पटकन वाहून नेणारी. स्पिनिंगच्या काठीवर, बारीक विणलेली दोरी जोरात धावते तिथे, तिला तोड नाही. पण फ्लायची दोरी मऊ आणि जाड, तिचा वेग हाताचा. टोकापर्यंत सिरॅमिक बसवलं तर आपण टाळायच्याच जागी वजन चढवतो. स्ट्रिपिंग गाईडसाठी मात्र मी बिनदिक्कत सिरॅमिकच निवडेन. समुद्रात मोठा मासा दोरी संपवून तिच्यामागची राखीव दोरी, म्हणजे बॅकिंग, खेचत पळतो, तेव्हा तर ते लागतंच. निकेल-टायटॅनियमच्या तारेचे गाईड १९९० च्या दशकात रुळले. ते दाबले तरी पुन्हा मूळ आकारात येतात आणि गंजत नाहीत. बोटीतून, दगडधोंड्यांतून वावरणाऱ्याने त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजावेत. बाकीच्यांना कठीण क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी तार पुरते.

संख्येचा ठोकताळा जुनाच आहे: काठी जितके फूट, तितक्या किंवा एखादी जास्त कडी, आणि टोकाची वेगळी. पण ठोकताळ्यावर थांबू नये. कड्या आधी चिकटपट्टीने बसवाव्यात, दोरी ओवावी, टोकाला वजन लावून काठी वाकवावी. दोरी काठीच्या वळणाबरोबर वळत असेल तर ठीक. एखाद्या टप्प्यात ती वळण सोडून सरळ आडवी जात असेल तर तिथलं अंतर कमी करावं. पहिली कडी बुंध्यापासून साधारण अडीच फुटांवर येते, पण ती आपल्या हाताच्या आवाक्यात आहे ना, हे काठी धरूनच ठरवावं. कडीच्या पायाची धार कानशीने घासून घ्यावी, नाहीतर कार्बनच्या पातळ भिंतीला ती चावते. मापही जागेप्रमाणे ठरवावं: थंडीत न्यूयॉर्कमधल्या सॅल्मन नदीवर स्टीलहेड मासे पकडणारे मोठ्या मापाच्या कड्या मागतात, कारण बारीक कडी बर्फाने तासाभरात बुजते.

नऊ फुटी, पाच नंबरच्या ट्राउट रॉडसाठी माझा कौल असा: मुठीकडे एक किंवा दोन सिरॅमिक स्ट्रिपिंग गाईड, पुढे टोकापर्यंत बारीक तारेच्या स्नेक गाईड, त्याही तयार संचातल्यापेक्षा एक माप मोठ्या, आणि टोकाची कडी ऐसपैस. इपॉक्सीचे दोन पातळ थर द्यावेत, एक जाड देऊ नये. आणि गाईड मागवण्याआधी दोरी विकत घ्या. तिला पुढचा लीडर, म्हणजे माशी बांधायची बारीक दोरी, आणि मागचं बॅकिंग जोडा आणि त्या गाठी हाताशी असलेल्या कड्यांमधून ओढून पाहा. जी कडी गाठ अडवते ती परत ठेवा, मगच धागा गुंडाळायला बसा.