छाती आवळणारा सोमवार

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावातच कापूस आहे. कुलाब्याच्या मोकळ्या जागेत भरणारा कापसाचा बाजार पुढे शिवडीच्या बाजूस हलला आणि आपले नावही सोबत घेऊन आला. येथील गोदामांत गाठी रचल्या जात; थोड्याच अंतरावर, लालबाग-परळच्या गिरण्यांत, कापसाचे सूत होई. आता भोंगे थांबले आहेत, परंतु त्या कापसाची धूळ अनेक वृद्धांच्या श्वासात अजून आहे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे.

आपल्या घरात असे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : ‘रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होत असे का?’

उत्तर ‘हो’ असेल, तर ती बिसिनोसिस या आजाराची जुनी खूण असू शकते. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यांत कापूस पिंजला जाताना सर्वाधिक धूळ उडे. त्या धुळीत केवळ तंतू नसतात. बोंडालगतच्या सुकलेल्या पानांचा चुरा असतो आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे विषारी अंशही असतात. ते श्वासनलिकांत पोहोचले की आतील अस्तर सुजते, नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात आणि वाट अरुंद होते. आरंभी हा त्रास सोमवारपुरता असतो व पुढील दिवसांत ओसरतो. वर्षे लोटतात तसा तो आठवडाभर राहू लागतो. दीर्घकाळ धुळीत काम केलेल्यांची झालेली हानी काम सुटल्यावरही पूर्णतः भरून येतेच असे नाही. विडी-सिगारेटची जोड मिळाली तर ती अधिकच वाढते. व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत या आजाराची नोंद आहे.

मात्र घरोघरी त्याचे निदान वेगळेच होते : ‘आता वय झाले.’ चाळीचा जिना चढताना आजोबा दुसऱ्या मजल्यावर थांबतात. मग ते खाली उतरणेच कमी करतात. बाजार सुटतो, कट्ट्यावरची बैठक सुटते. चालणे कमी झाल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमानेही धाप लागते. हे दुष्टचक्र वयाच्या नावाखाली चालू राहते. वयानुसार फुप्फुसांची क्षमता थोडी घटते हे खरे. परंतु बरोबरीच्या माणसांच्या मागे पडण्याइतकी धाप लागत असेल, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे.

कारण शोधायचे तर अडचण नेमकी कुठे आहे ते समजले पाहिजे. अशा रुग्णाला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे अधिक जड जाते. उच्छ्वासाच्या वेळी अरुंद नलिका आणखी दबतात आणि जुनी हवा आत कोंडते. भरलेल्या घागरीत नवे पाणी मावत नाही, तसेच हे आहे. म्हणून धाप लागली असता ‘जोरात श्वास घ्या’ असे सांगू नये. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि फुंकर घालताना ठेवतो तसे ओठ ठेवून त्याच्या दुप्पट वेळ सोडावा. त्यामुळे नलिकांत थोडा दाब टिकतो व त्या मिटत नाहीत. खुर्चीत किंचित पुढे वाकून, हात मांड्यांवर टेकून बसल्यानेही आराम पडतो.

छातीच्या क्ष-किरण चित्रात हा आजार दिसेलच असे नाही. फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री ही तपासणी नलिकांतील अडथळा दाखविते. धाप हृदयविकाराने किंवा रक्तक्षयानेही लागते, म्हणून त्याही तपासण्या डॉक्टर सुचवितात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये.

‘पंपाची सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे. पंपातील औषध थेट नलिकांत जाते, म्हणून अल्प मात्रा पुरते. तो घेण्याची पद्धत मात्र डॉक्टरांसमोर करून दाखवावी. दरवर्षीची फ्ल्यूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयी त्यांना विचारावे. घरी प्राणवायूचे यंत्र असल्यास त्याचा प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवू नये. अशा काही रुग्णांत अधिक प्राणवायूमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. त्यांच्यासाठी ऑक्सिजनची पातळी साधारणतः 88 ते 92 टक्के राखतात. आपल्या रुग्णाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ओठ निळसर होणे, एक वाक्यही सलग न बोलता येणे किंवा अकारण झोपाळूपणा येणे, ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

आणखी एक काम आजच करता येईल. वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लिहा : कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, विडी-सिगारेट किती वर्षे ओढली. रीळ किंवा वाइंडिंग खात्यात राबलेल्या आजींचेही लिहा, आणि त्यांनी चुलीच्या धुरात काढलेली वर्षेही. डॉक्टर घाईत असतील तर हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या श्रमांवर हे शहर उभे राहिले, त्यांची नोंद निदान आपल्या घरच्या फाइलमध्ये तरी असावी. कदाचित तीच योग्य उपचाराची पहिली पायरी ठरेल.