संगणकाचा पंचनामा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर नावाचे एक लहानसे देऊळ लागते. ते अखंड खडकातून कोरून काढलेले आहे. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची मापे आहेत, २७० हात आणि १८७ हात. शिवाय रोज ५० हार द्यावेत अशी व्यवस्था आहे. या २७० आणि ५० मधील शून्य आज आपण लिहितो तसेच वाटोळे आहे, म्हणून गणिताचे अभ्यासक दुरून हे देऊळ पाहायला येतात. मी मात्र विद्यार्थ्यांना तो लेख वेगळ्याच कारणासाठी दाखवतो. या २७० चे २९० करण्याचे कुणाच्या मनात आले असते तर छिन्नी चालवावी लागली असती, आणि छिन्नीचा घाव मागे राहिला असता. संगणकातील २७० चे २९० करायला एक बोट पुरते. पडद्यावर घाव दिसत नाही. घाव असतो, पण तो दुसरीकडे असतो आणि तो वाचायला शिकावे लागते. या वाचनविद्येला संगणकीय न्यायवैद्यक असे भारदस्त नाव आहे.

मी आपल्याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. गेली काही वर्षे ग्वाल्हेरात संगणकशास्त्र शिकवतो. इथली मुले पहिल्याच तासाला विचारतात, "सर, हॅकिंग कब सिखाएँगे?" चित्रपटात काळ्या पडद्यावरून हिरवी अक्षरे धो धो वाहतात आणि क्षणार्धात बँक उघडते, ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. आधी फाइल वाचायला शिका, असे मी सांगितले की त्यांचे चेहरे उतरतात.

फाइल वाचता येणे एवढे महत्त्वाचे का, याचा धडा याच प्रांतात मिळाला. मध्य प्रदेशाच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचे, म्हणजे 'व्यापम'चे प्रकरण आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तोंडावर इंदूर पोलिसांनी तोतया परीक्षार्थी पकडले आणि धागा उलगडत गेला. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. पोलीसभरतीसह अनेक खटले ग्वाल्हेरच्या विशेष न्यायालयात चालले. यातील एका युक्तीला 'इंजिन-बोगी' असे नाव पडले होते. संगणकावर बैठकक्रमांक असे लावायचे की हुशार 'इंजिन' आणि पैसे मोजलेली 'बोगी' एकमेकांजवळ बसतील. बाकीचे काम परीक्षागृहात आपोआप होई.

आमच्या शेजारच्या घरातील मुलीने त्याच वर्षांत ही परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा थोडक्यात तिची जागा हुकली. ती आता शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिची जागा कुणी घेतली, की कुणीच घेतली नव्हती, हे तिला कधीच कळणार नाही.

हे प्रकरण मी वर्गात एका उदाहरणाने मांडतो. समजा, चार पर्यायांचे प्रश्न आहेत. शेजारी बसलेल्या दोघांचे नेमके तेच दहा प्रश्न चुकले आणि दहाही वेळा दोघांनी चुकीचा पर्यायही तोच निवडला. चुकीचे पर्याय तीन. तेव्हा हे योगायोगाने घडण्याचा संभव ५९,०४९ मध्ये एक. बरोबर उत्तरे सारखी असण्यात नवल नाही. चुका सारख्या असल्या की शंका यावी. असे जोड शोधणारी आज्ञावली तीस-चाळीस ओळींत होते, आणि मुले ती उत्साहाने लिहितात. मंडळाच्या तज्ज्ञ समितीनेही उत्तरांची तुलना करण्याची याच जातीची रीत वापरली होती. पण गंमत पुढेच आहे. तपासायच्या जोड्या एक लाख असतील, तर इतका दुर्मिळ योगायोगही एक-दोन ठिकाणी निव्वळ नशिबाने सापडणारच! शिवाय एखादा चुकीचा पर्याय इतका फसवा असतो की निम्मा वर्ग त्याच खड्ड्यात पडतो. म्हणून आज्ञावलीने नाव काढले की संशय सुरू होतो, गुन्हा सिद्ध होत नाही. एवढा फरक ज्याला कळला नाही, त्याच्या हाती हे शस्त्र न दिलेले बरे.

व्यापममध्येच दुसरा वाद झाला तो हार्ड डिस्कचा. २०१३ मध्ये मंडळाच्या एका संगणक-अधिकाऱ्याच्या यंत्रातून ती जप्त झाली. तिच्यातील एक्सेलच्या तक्त्यात उमेदवार आणि त्यांची शिफारस करणारे यांच्या नोंदी होत्या. २०१५ मध्ये विरोधकांनी आरोप केला की तक्त्यातील नावे मागाहून बदलली. एका तक्रारदाराने पेन ड्राइव्हही सादर केला. सीबीआयने हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेतली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आरोप सिद्ध होत नसल्याचे न्यायालयास कळवले. त्या वादातील राजकारणात शिरण्याची मला इच्छा नाही. माझ्या कामाचा प्रश्न एवढाच, की 'ही वस्तू जप्त केली तशीच आहे' हे कशाच्या बळावर सांगायचे?

याचे उत्तर म्हणजे 'हॅश', मराठीत ठसा म्हणू. कोणतीही फाइल ही शेवटी बाइटांची रांग असते, आणि बाइट म्हणजे ० ते २५५ मधील एक संख्या. ही सारी रांग एका ठरलेल्या गणिती चरकातून काढली की एक छोटी, ठराविक लांबीची खूण बाहेर पडते. 'शा-२५६' या रीतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइल दोन ओळींची असो की संपूर्ण डिस्कची, चिन्हे ६४ च. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि ठशावरून मूळ फाइल बनवता येत नाही. पायथन भाषेत ही आज्ञावली आठ-दहा ओळींची आहे: फाइल बाइटांच्या रूपात उघडा, तुकड्या-तुकड्याने वाचा, प्रत्येक तुकडा चरकात घाला, शेवटी ठसा छापा. जप्तीच्या वेळीच घेतलेला ठसा पंचनाम्यात लिहिला असेल, तर पुढे कितीही वर्षांनी कुणीही तो पडताळून पाहावा. मात्र डिस्क नुसती चालू संगणकाला जोडली तरी संगणक तिच्यावर आपल्या नोंदी लिहू लागतो. म्हणून मध्ये लेखन रोखणारे उपकरण बसवतात, हुबेहूब प्रत काढतात, दोहोंचे ठसे जुळवतात, आणि पुढचे सगळे काम प्रतीवर करतात. जुन्या रीती आता कच्च्या ठरल्या आहेत, हेही ध्यानात असावे. एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे 'एमडी-५' बाबत २००४ मध्ये आणि 'शा-१' बाबत २०१७ मध्ये दाखवण्यात आले.

कायद्यानेही आता ही गोष्ट अंगीकारली आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवरून ठरवायचे होते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच, असा निर्णय १४ जुलै २०२० रोजी झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत ठसा लिहायचा. तालुक्याच्या न्यायालयातही आता ही ६४ चिन्हे येणार. ती काय आहेत हे वकिलाला, फौजदाराला आणि कारकुनालाही कळायला हवे.

आता कुणी विचारील, तयार साधने मिळतात, मग आज्ञावली लिहायला शिकण्याचा खटाटोप कशाला? 'ऑटॉप्सी' नावाचे चांगले साधन फुकट मिळते, कळ दाबली की पुसलेली छायाचित्रे समोर येतात. खरे आहे. पण साक्षीच्या पिंजऱ्यात वकील विचारतो, "हे छायाचित्र आरोपीच्याच यंत्रात होते हे तुम्हांस कसे कळले?" 'साधनाने तसे दाखवले' हे त्याचे उत्तर होत नाही. ज्याने तेच काम एकदा स्वतः आज्ञावली लिहून केले आहे, तो सांगू शकतो: पेन ड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या 'फॅट' रचनेत फाइल पुसली म्हणजे यादीतील तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी २२९ हा अंक येतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, मजकूर तिथेच पडून राहतो. जेपेग छायाचित्राची सुरुवात २५५, २१६, २५५ अशी होते. तेव्हा डिस्क पहिल्या बाइटापासून वाचत जायची आणि हे तीन अंक ओळीने दिसले की थांबायचे. (नव्या एसएसडी डिस्का पुसलेली जागा स्वतःहून साफ करतात, तिथे ही युक्ती सहसा चालत नाही.)

वेळेचे त्रांगडे तर विचारूच नका. विंडोजची 'एनटीएफएस' रचना काळ मोजते तो १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, आणि ग्रीनिचच्या वेळेने. आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. रात्री दोन वाजता केलेले काम कच्च्या नोंदीत आदल्या संध्याकाळी साडेआठचे दिसते. याउलट पेन ड्राइव्हच्या 'फॅट' रचनेत स्थानिक वेळच लिहिलेली असते. या दोन नोंदी शेजारी ठेवून साडेपाच तास मिळवायला विसरला, तर तपासणारा माणूस घरी झोपलेल्याला कार्यालयात बसवील.

सुरक्षा-चाचणी हे याच विद्येचे दुसरे अंग. न्यायवैद्यक चोरी झाल्यावर येते. चाचणी करणारा आधी येऊन कड्या-कोयंडे हलवून पाहतो. आपल्या भागाला ठाऊक असलेले उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी व भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातील रकमेत कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. चोरांनी तिजोरी फोडली नाही. एटीएमकडून आलेली 'पैसे देऊ का?' ही पृच्छा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाण्याऐवजी मध्येच बसवलेल्या खोट्या यंत्रणेकडे वळली, आणि ती प्रत्येकाला 'द्या' म्हणत राहिली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. ते मुख्यतः पैसे काढणारे आणि त्यांची जुळवाजुळव करणारे होते.

चाचणीचे मर्म समजायला बँक लागत नाही. ग्रंथालयाच्या संगणकात 'डि'सूझा' हे आडनाव इंग्रजीत भरून पाहा. बेळगाव-गोव्याकडे या आडनावाला तोटा नाही. पुष्कळ जुन्या आज्ञावल्या त्यातील स्वल्पचिन्हाला 'मजकूर संपला' अशी खूण समजतात आणि गडबडतात. बिचाऱ्या डि'सूझांना सभासदत्व मिळत नाही. लबाड मनुष्य मात्र त्याच चिन्हापुढे स्वतःची आज्ञा लिहून सारी यादी मागवून घेतो. दोष एकच. त्यावर उपाय म्हणजे मजकूर आणि आज्ञा यांची वाट मुळातच वेगळी ठेवणे, आणि ते ज्याने स्वतः अशी आज्ञावली लिहिली आहे त्यालाच नीट कळते. हा प्रयोग आपण स्वतः बनवलेल्या प्रतीवर करावा, महाविद्यालयाच्या यंत्रावर नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी परवानगी खिशात असल्याखेरीज कळफलकाला हात लावू नये, हे मी मुलांकडून पाठ करून घेतो.

शिकण्याचा क्रम विचाराल तर आधी पायथन, मग थोडी सी. कारण सी शिकल्यावाचून स्मृतीत काय कुठे राहते ते कळत नाही. लिनक्स अंगवळणी पाडावी. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी बिचकण्याचे कारण नाही. माझ्याकडील उत्तम तपासनिसांपैकी एकाने संस्कृत घेऊन बी. ए. केले होते. पुढे शिकायचे असल्यास २०२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर गोव्यात आहे.

आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांसाठी एक काम मात्र मुद्दाम सांगतो. 'जोशी' हे नाव डिस्कवर शोधायचे आहे. युनिकोडच्या एका पद्धतीत ते १२ बाइटांचे असते, दुसरीत ८ बाइटांचे. पण इकडील सरकारी कचेऱ्यांतील हिंदी कागद वर्षानुवर्षे 'कृतिदेव' टंकात लिहिले गेले. तशीच तिकडे मराठीची 'श्रीलिपी' आणि कन्नडची जुनी 'नुडी'. अशा टंकांत पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड दिसते, पण फाइलीत वेगळेच अंक, बहुधा रोमन अक्षरांचे, साठवलेले असतात. परदेशी साधनाला 'जोशी' शोधायला सांगितले की ते शांतपणे 'काही आढळले नाही' म्हणते, आणि कागद समोरच पडलेला असतो. या टंकांचे कोष्टक बनवून त्यांतून नावे शोधणारी आज्ञावली दोन-तीन विद्यार्थ्यांना एका सुटीत लिहिता येईल. त्यासाठी पायथन येणारा एक हवा, आणि मराठी व कन्नड दोन्ही वाचता येणारा एक. हा दुसरा इकडे ग्वाल्हेरात मला शोधूनही मिळत नाही.