शेजारच्याला पटवून द्या

अवजड ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकतात. जास्त बल कोणावर पडतं? बहुतेकजण पटकन सांगतात, ‘कारवर’. प्रत्यक्षात, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार, दोन्हींवर बल सारखंच पडतं. कारचा वेग अधिक झपाट्याने बदलतो, कारण तिचं वस्तुमान कमी.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९० मध्ये असलेच साधे प्रश्न वर्गाला घातले. इतके सोपे प्रश्न पाहून मुलं नाराज होतील, अशी त्यांना धास्ती होती. पण वर्गातून विचारणा झाली, की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची, की आम्हाला एरवी वाटतं तशी? किचकट उदाहरणं सोडवणारी मुलं या साध्या प्रश्नांत अडली.

माझुर यांनी एक प्रश्न फळ्यावर समजावला, पुन्हा समजावला. चेहरे कोरेच. शेवटी ते म्हणाले, आपापसांत बोला. वर्गात एकच गलका झाला आणि दोन-तीन मिनिटांत उलगडा झाला.

यातूनच त्यांची पद्धत उभी राहिली. आधी प्रश्न, मग मिनिटभर शांतता. प्रत्येकाने स्वतः विचार करून उत्तर नोंदवायचं. मग वेगळं उत्तर देणारा शेजारी गाठायचा आणि त्याला आपलं म्हणणं पटवायचं. त्यानंतर पुन्हा उत्तर नोंदवायचं. सुरुवातीची शांतता फार मोलाची, नाहीतर मोठ्या आवाजाचा मुलगा जिंकतो आणि दुसरा नुसती मान डोलावतो. उत्तरं नोंदवायला यंत्रंही लागत नाहीत. हात वर केले तरी भागतं.

पण जे प्राध्यापकाला जमलं नाही, ते शेजारच्याला कसं जमतं? त्याला ते नुकतंच उमगलेलं असतं. आपण नेमके कुठे अडलो होतो, हे त्याच्या ध्यानात ताजं असतं. प्राध्यापक ती अडचण कधीच मागे टाकून आलेले असतात.

तरी शंका उरतेच: कच्चा मुलगा हुशार मुलाचं उत्तर फक्त उचलत असेल तर? कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. चर्चेनंतर त्यांनी त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न दिला, तोही एकट्याने सोडवायला. तिथेही मुलांची उत्तरं सुधारली. विशेष म्हणजे सुरुवातीला ज्या गटांत बहुधा कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, तेही बोलता बोलता उत्तरापर्यंत पोहोचत होते.