डॉक्टरची कमाई : पगार पाहावा की हिशेब?

नीटचा निकाल लागला की आमच्या बिबीसारख्या लहान गावातही पेढे वाटले जातात. गुण बरे असले की नातेवाईक लगेच आकडे सांगू लागतात. "अमक्याचा भाचा महिन्याला तीन लाख कमावतो", "तमक्याच्या जावयाने पाच वर्षांत बंगला बांधला." मग रात्री घरात शेताची, दागिन्यांची आणि कर्जाची चर्चा सुरू होते. आम्ही शिक्षक असल्याने असे पालक सल्ल्यासाठी येतात. त्यांचा प्रश्न एकच असतो, "सर, पैसा लावला तर निघेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर महिन्याच्या पगारात सापडत नाही. त्यासाठी वर्षांचा हिशेब मांडावा लागतो.

आधी वर्षे मोजा

एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. बहुतेक मुले नीटसाठी बारावीनंतर एखादे वर्ष देतातच. म्हणजे पदवी हाती येईपर्यंत वय पंचवीस होते. शासकीय महाविद्यालयातून शिकले असेल तर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र असते. आज नुसत्या एमबीबीएसवर भागत नाही, रुग्णसुद्धा 'स्पेशालिस्ट' विचारतो. एमडी किंवा एमएसची तीन वर्षे, त्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी आणि पुन्हा बंधपत्र धरले तर तिशी ओलांडते. तोवर बरोबरच्या मुलाने आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात दहा वर्षे पगार घेतलेला असतो, बहिणीचे लग्नही उरकलेले असते.

या काळात डॉक्टरला अगदीच काही मिळत नाही असे नाही. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातील इंटर्नला महिना ११ हजार मिळत. २०२४ मध्ये ते १८ हजार झाले. पण त्यासाठी रात्रपाळीसह कामाचे तास किती, हे घरच्यांना क्वचितच ठाऊक असते.

मग पैसे मोजा

२०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून जास्त मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच शासकीय. शासकीय महाविद्यालयात वर्षाची फी दीड लाखाच्या आसपास जाते. खासगीत ती दहा-बारा लाखांपर्यंत, तर अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या पुढे.

समजा, खासगी जागेसाठी ५० लाख कर्ज काढले आणि व्याज दहा टक्के आहे. नुसते व्याजच महिन्याला सुमारे ४१ हजार ६०० रुपये होते, मुद्दल वेगळे. आता कमाई बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी एमबीबीएस डॉक्टरचे मानधन ६० हजारांच्या आसपास असते. शासनाच्या कायम वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६ हजार १०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. दीड लाख फी भरून शिकलेल्या मुलाला हा पगार उत्तम आहे. ५० लाखांच्या कर्जाखाली दबलेल्याला तोच पगार पुरत नाही. पदवी एकच, पगार एकच, पण दोघांच्या घरातली चूल वेगळी पेटते.

आपल्या अनेक घरांत व्याज नको म्हणून कर्ज टाळतात आणि शेत विकतात. नीयत चांगली आहे. पण गेलेले शेत परत येत नाही, आणि त्यात धाकट्या भावा-बहिणींचाही वाटा असतो, हे विसरू नये.

परदेशी एमबीबीएस स्वस्त वाटते. तिकडून आल्यावर इथे एफएमजीई परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात बहुतेक वेळा दहापैकी सात-आठ जण नापास होतात. एजंटाच्या कागदावर हा आकडा नसतो.

कर्ज शेवटी कोण फेडतो?

२० फेब्रुवारी २०२४ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेले नाही. लोणार तालुक्यातील सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसांना विषबाधा झाली. त्यांना बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणले. खाटा पुरल्या नाहीत. बाहेर रस्त्यावर रुग्ण झोपवून, झाडांना दोर बांधून सलाईन लावावे लागले आणि खासगी डॉक्टरांनाही बोलावावे लागले. त्या रात्री डॉक्टरची खरी किंमत सगळ्यांना कळली.

मग डॉक्टर गावात का थांबत नाहीत? कारणे अनेक आहेत, पण एक उघड आहे. ज्याने ५० लाख घालून पदवी घेतली, त्याला शंभर रुपये फी देणाऱ्या गावात बसणे परवडत नाही. तो शहर गाठतो. तिथेही हप्ता भागला नाही तर नको त्या तपासण्या आणि कमिशनचा मोह समोर उभा असतो. म्हणजे पालकांनी घेतलेले कर्ज अखेर रुग्णाच्या खिशातून फिटते.

मोह टाळणारेही आहेत. शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावी गरीब घरात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहिले. विंचूदंशावरील त्यांच्या उपचाराने असंख्य जीव वाचले. तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा धनादेश त्यांनी नाकारला आणि तक्रारही केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण सगळ्यांकडून अशा धैर्याची अपेक्षा करताना निदान त्यांच्या खांद्यावर कर्जाचा डोंगर तरी ठेवू नये.

पालकांनी काय करावे?

पहिली धडपड शासकीय जागेसाठी करावी. २०२४ पासून बुलढाणा आणि जालना इथेही १००-१०० जागांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, अकोल्याचे तर आहेच. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे कागद दहावीनंतरच तयार ठेवावेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या या गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफ आहे. मुलगी हुशार असेल तर तिला मागे ठेवण्याचे आता कारण उरलेले नाही. कर्ज घ्यावेच लागले तर मौलाना आझाद अल्पसंख्यांक आर्थिक विकास महामंडळाची कमी दराची योजना आधी विचारावी.

उर्दूतून शिकलेल्यांसाठी युनानीची बीयूएमएस ही वाट आहे. मालेगाव, अक्कलकुवा, पुणे, मुंबई इथे महाविद्यालये आहेत. ही पदवी घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी झाल्यास महिना २५ हजार आणि कामानुसार १५ हजारांपर्यंत मिळतात. रक्कम मोठी नाही, पण शेत शाबूत राहते.

आणि आपल्या जमातीने एक विचार करावा. लग्नाच्या जेवणावळीत जेवढा पैसा जातो, त्यातला थोडा भाग गावागावांत कर्जे-हसना म्हणून जमवला, तर एखाद्या होतकरू मुलीची शासकीय महाविद्यालयाची फी सहज निघेल. ती बिनव्याजी फेडील, आणि तिला गावात बसून शंभर रुपये फी घेणेही परवडेल. हलाल रोजीत बरकत असते असे आपण म्हणतो. ती रोजी हलाल ठेवणे मुलांना सोपे जावे, एवढी सोय आपण मोठ्यांनी करून द्यावी.