गोल्फच्या तळ्यात कारंजे कशाला?

गोल्फच्या मैदानातील तळ्यात उडणारे कारंजे केवळ शोभेचे नसते. हिरवळीला घातलेल्या खतातील नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर तळ्यात उतरतात आणि शेवाळ फोफावते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र स्वतःच तो वापरते. मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणूही त्यातच वाटेकरी होतात. म्हणून पहाटे मासे गुदमरतात. उन्हाळ्यात धोका वाढतो : १० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. कारंज्याचे थेंब हवेतून प्राणवायू घेऊन परततात. पण खरा उपाय काठावर आहे. तिथे न कापलेल्या उंच गवताचा पट्टा गाळणीसारखा खत अडवतो. तळे जपायचे, तर खत बेतानेच घालावे आणि काठचे गवत वाढू द्यावे.