कंबर दुखते म्हणून फळीवर झोपावे का?

माहीमला शीतलादेवीच्या देवळाच्या परिसरात, एका जुन्या इमारतीत आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय पासष्टीच्या पुढे, घरात एकट्या. गेल्या पावसाळ्यात त्यांची कंबर धरली. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना कुणा डॉक्टरांनी सांगितलेला उपाय त्यांना आठवला आणि त्यांनी कुणाला न विचारता तो अमलात आणला. कापसाची गादी गुंडाळून माळ्यावर गेली, पलंगावर फळी आली आणि फळीवर एक सतरंजी. तीन महिने काकू निष्ठेने त्या फळीवर झोपल्या. कंबर थांबली नाहीच, वर कुशीवर झोपले की खांदा आणि खुबा दुखू लागला. रात्री दोन-तीनदा जाग यायची. पहाटे उठताना पलंगाची कड धरून मिनिटभर बसून राहावे लागे. अशा वेळी भाच्याने एका महागड्या 'ऑर्थोपेडिक' गादीचे पत्रक आणून दिले. गादीची किंमत काकूंच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक होती. "तू पेपरात लिहितोस ना, मग एवढे विचारून सांग. आणखी कडक गादी घ्यायची म्हणजे फळी काय वाईट होती?" असे त्यांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता.

'कंबर दुखते? मग कडक अंथरुणावर झोपा' हा सल्ला आपल्याकडे इतका रुजला आहे की, त्याची कुणी चौकशी करीत नाही. हा काही अडाणीपणाचा सल्ला नव्हे. १९९६ साली अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य डॉक्टर आपल्या रुग्णांना कडक गादीच सुचवीत असल्याचे दिसून आले होते. हा सल्ला आला कोठून, याचा विचार केला तर त्यामागचे शहाणपणही लक्षात येते. ज्या काळात लोक काथ्याच्या बाजेवर, सैल पडलेल्या नवारीच्या पलंगावर किंवा जाळीच्या लोखंडी खाटेवर झोपत, त्या काळात झोपणाऱ्याचा पार्श्वभाग मध्यभागी खोल जाई आणि पाठीची झोळी होई. तशा खाटेवर फळी टाकली की झोळी नाहीशी होत असे आणि माणसाला आराम वाटे. म्हणजे गुण फळीच्या कडकपणाचा नव्हता, खड्डा बुजल्याचा होता. पुढे बाजा गेल्या, नवार गेली, खड्डाही गेला. फळी मात्र राहिली.

आपला पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. कमरेच्या जागी तो आत वळलेला असतो. उताणे झोपलेल्या माणसाचा भार मुख्यतः खांद्यांच्या मागच्या बाजूवर आणि नितंबांवर येतो. अंथरूण दगडासारखे असेल तर हे दोन भाग टेकतात आणि कंबर मधल्यामध्ये अधांतरी राहते. तिला सावरून धरण्याचे काम रात्रभर स्नायूंना करावे लागते. कुशीवर झोपणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट, कारण खांदा आणि खुबा हे बाहेर आलेले भाग दबायला जागाच उरत नाही. उलट अंथरूण फार मऊ असेल तर शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे ओटीपोट व नितंब, सर्वांत खोल जातो आणि कणा वाकतो. म्हणून गादीकडून अपेक्षा एवढीच की, खांदा व खुबा यांना तिने थोडी वाट द्यावी आणि कमरेला खालून आधार द्यावा. यालाच मध्यम कडकपणा म्हणायचे.

या साध्या तर्काला पुरावा मिळाला तो २००३ साली. स्पेनमधील फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांची तक्रार अगदी काकूंसारखीच होती : अंथरुणात पडल्यावर आणि उठताना कंबर दुखणे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काहींना कडक व काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. आपल्याला कोणती गादी मिळाली, हे रुग्णांना सांगितले नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. कडकपणा मोजण्यासाठी युरोपातील १ ते १० ही श्रेणी वापरली होती. तीत १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गाद्या २.३ च्या आसपास होत्या, मध्यम कडक गाद्या ५.६ च्या. नव्वद दिवसांनंतर अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना आणि दिवसाच्या कामातील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम गादीवर झोपणारे सरस ठरले. २००८ साली डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि जपानी धर्तीची कडक गादी यांची महिनाभर तुलना झाली. तेथेही कडक गादी मागे पडली. मात्र फरक मोठा नव्हता, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. गादीविक्रेत्यांच्या जाहिरातींत हे शेवटचे वाक्य सहसा आढळत नाही.

हे प्रयोग परदेशी गाद्यांवर झाले. माहीम-दादरच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती कापसाची गादी, आणि तिचा कडकपणा हा एक आकडा नसून तिचे वय असते. नव्याने पिंजून भरलेली गादी हवेशीर आणि लवचीक असते, वर सांगितलेल्या मध्यम कडकपणाच्या बरीच जवळ जाणारी. वर्ष-दोन वर्षांत कापूस बसतो. जेथे खुबा रोज टेकतो तेथे खळगा पडतो, त्याच्या कडेला गुठळ्या होतात. माहीमसारख्या समुद्राला लागून असलेल्या भागात पावसाळ्याचे चार महिने कापूस दमट राहतो आणि आणखी घट्ट होतो. म्हणूनच पूर्वी दिवाळीच्या सुमारास उन्हे पडली की, गच्चीवर गाद्या वाळत पडत आणि पिंजाऱ्याच्या तातीचा टुंग टुंग आवाज चाळीच्या चौकात घुमे. आता पिंजारी दारोदार फारसे येत नाहीत, यंत्रावर कापूस पिंजून देणाऱ्या दुकानांत गादी न्यावी लागते आणि तेवढी उसाभर करायची म्हणून लोक तीच गादी दहा-दहा वर्षे वापरतात. अशा गादीवर झोपून कंबर दुखली तर दोष कापसाचा नाही. तिची बाजू आणि डोके-पायथा आलटून-पालटून बदलणे, तिला कडक ऊन दाखवणे आणि दोन वर्षांनी ती पिंजून घेणे, या गोष्टी नव्या गादीच्या किमतीच्या एका अंशात होतात.

तरीही नवी गादी घ्यायचीच असेल तर दुकानात कानावर पडणाऱ्या दोन शब्दांविषयी सावध राहावे. पहिला शब्द 'डेन्सिटी'. "साहेब, ही चाळीस डेन्सिटीची आहे, एकदम कडक" असे विक्रेता ठासून सांगतो. वास्तविक डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतील वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो किती दबेल याचा नव्हे. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि त्याहून हलका फोम कडकही. कडकपणा ठरतो तो फोम विशिष्ट प्रमाणात दाबायला किती जोर लागतो, यावर. दुसरा शब्द अर्थातच 'ऑर्थोपेडिक'. या नावाखाली मिळणाऱ्या पुष्कळ गाद्यांच्या पोटात फोमचा चुरा दाबून बनवलेला, लाकडाशी स्पर्धा करणारा थर असतो आणि वर मऊ फोमचा एखाद-दुसऱ्या इंचाचा पापुद्रा. काथ्यावर रबराचे द्रावण फवारून दाबलेल्या गाद्याही याच नावाने विकल्या जातात. दोहोंचा कडकपणा वेगळा, नाव मात्र एकच. मेमरी फोमचा उगम १९६६ साली 'नासा'साठी झालेल्या आसनांच्या संशोधनात आहे, हे खरे. पण विमानाच्या आसनासाठी शोधलेली वस्तू म्हणून ती आपल्या कमरेला मानवेलच असे नाही. शिवाय तो फोम उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्या मुंबईकराने याचा विचार करावा.

दुकानात गादी हाताने दाबून पाहण्यात अर्थ नाही. पादत्राणे काढून आपण घरी ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. संकोच वाटतो, पण पुढची आठ-दहा वर्षे आपणच त्यावर झोपणार असतो. उताणे पडून कमरेखाली तळहात सरकवून पाहावा. हात आरपार सहज जात असेल तर गादी आपल्यासाठी कडक आहे. हात शिरतच नसेल आणि कूस बदलताना अंग ओढून काढावे लागत असेल तर ती मऊ आहे. थोडा अडखळत हात गेला तर ठीक. हे 'आपल्यासाठी' महत्त्वाचे, कारण नव्वद किलोच्या माणसाला मध्यम वाटणारी गादी पन्नास किलोच्या बाईला फळीसारखी वाटते. पती-पत्नींच्या वजनात असे अंतर असेल तर एका मोठ्या गादीऐवजी दोन वेगळ्या गाद्या शेजारी-शेजारी टाकणे हा आपला जुना रिवाजच बरा.

खर्च करण्यापूर्वी घरीच पडताळा घेता येतो. अंथरूण कडक असेल तर त्यावर दोन गोधड्यांच्या घड्या घालून पंधरा दिवस झोपावे. गादी खचलेली असेल तर ती फळीवर किंवा सरळ जमिनीवर टाकून पाहावी. सकाळच्या दुखण्यात फरक पडला तर कोणत्या दिशेने जायचे ते कळते. फरक पडलाच नाही तर गादीचे पैसे वाचतात. जमिनीवर झोपण्याला विरोध नाही, पण गुडघे कुरकुरत असतील तर जमिनीवरून उठतानाच कमरेला हिसका बसतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांमध्ये आणि उताणे झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली एक उशी घेतली तर अनेकांना गादी न बदलताही बरे वाटते.

काकूंशी बोलताना एक वेगळीच गोष्ट निघाली. त्यांच्या इमारतीत पाणी पहाटे येते. उठल्याबरोबर त्या मोरीत वाकून बादल्या भरत आणि उचलून पिंपात ओतत. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवे पडल्यावर पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत वाढलेली असते, ती यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा कितीतरी अधिक येतो. १९९८ साली अमेरिकेत स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना उठल्यानंतरचे पहिले काही तास कमरेतून वाकणे टाळायला शिकवले, तर त्यांच्या वेदना आणि दुखण्याचे दिवस कमी झाले. मुंबईतील किती जणींच्या पहाटेच्या कंबरदुखीचे खापर गादीवर फुटत असेल आणि खरी गुन्हेगार बादली असेल, कोण जाणे!

कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणाला खिळून राहणे हाही असाच मागे राहिलेला उपाय. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा दोन दिवसांत उठलेल्यांचे काहीच बिघडले नाही, उलट त्यांचे कामाचे खाडे कमी झाले. १९९५ साली फिनलंडमधील अभ्यासात तर झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारेच सर्वांत लवकर सावरले. माहीमच्या चौपाटीवर सकाळी अर्धा तास सपाट चालणे कोणत्याही गादीच्या तोडीचे आहे.

काही दुखणी मात्र गादीच्या चर्चेत अडकवून ठेवू नयेत. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्री वाढणारी वेदना असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. मुंबईत हा आजार दुर्मिळ नाही आणि महापालिकेच्या केंद्रांत त्यावरील औषधे मोफत मिळतात. पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. म्हातारपणी किरकोळ पडल्यानंतर कंबर दुखू लागली तर हाड मोडले नाही ना, ते क्ष-किरण तपासणीत पाहावे. आणि विशी-तिशीतील तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल, तर तो सांध्यांचा दाहही असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ हवा.

काकूंना यांपैकी काही नव्हते. आधी त्यांनी फळीवर दोन जुन्या गोधड्या घातल्या. आठवड्याभरात खांदा थांबला. मग माळ्यावरची गादी उतरवून पिंजून आणली. फळी तिच्याखाली तशीच आहे. नळाला रबरी पाइप लावून तो थेट पिंपात सोडला आहे, बादली उचलावी लागत नाही. कंबर अधूनमधून आठवण करून देते, पण पलंगाची कड धरून बसणे थांबले. भाच्याने आणलेले पत्रक त्यांनी फेकलेले नाही. "कागद बरा आहे," म्हणाल्या, "डब्याच्या तळाशी घातलाय."