मऊ बूट, दुखरा पाय

आमची शाळा माझ्या घरापासून आठ किलोमीटरवर आहे. ही वाट मी बरीच वर्षे सायकलनेच करत आलो. एका उन्हाळ्यात मात्र तीन-चार किलोमीटर झाले की उजव्या पायाच्या चवड्यात आग व्हायला लागली. मग बोटांना मुंग्या येत. शाळेत पोचून बूट काढला की पाच-दहा मिनिटांत बरे वाटे. पाय दुखतो म्हणजे बूट कडक असणार, असा सरळ हिशोब करून मी दुकानातले सर्वांत मऊ तळाचे बूट आणले. दुकानात चालून पाहिले, तेव्हा गादीवर चालल्यासारखे वाटले. सायकलवर मात्र आग पूर्वीपेक्षाही लवकर सुरू झाली. सायकल सोडून एस.टी.ने जावे की काय, असे मनात येऊ लागले.

मऊ बुटाने पाय जास्त का दुखावा? याचे उत्तर दाबाच्या सूत्रात आहे. वर्गात ते मी कितीदा तरी शिकवले होते. स्वतःच्या पायाला लावून पाहिले नव्हते, इतकेच!

दोन पेन्सिलींचा प्रयोग

टेबलावर दोन पेन्सिली पाच सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेवा. त्यांच्यावर तळहात ठेवून जोराने दाबा. पेन्सिली रुततात. आता हात आणि पेन्सिली यांच्यामध्ये पातळ स्पंज ठेवून तेवढाच जोर लावा. क्षणभर बरे वाटते, पण स्पंज दबला की पेन्सिली पुन्हा जाणवू लागतात. आता स्पंज काढून जाड पुठ्ठ्याची वही ठेवा आणि दाबा. पेन्सिली जवळजवळ जाणवतच नाहीत.

तिन्ही वेळा बल सारखेच होते. पहिल्या दोन वेळा ते दोन अरुंद पट्ट्यांवर एकवटले. तिसऱ्या वेळी कडक पुठ्ठ्याने पुलाचे काम केले आणि बल सगळ्या तळहातावर पसरवले. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो. सायकलचे पायडल म्हणजे या दोन पेन्सिली आणि बुटाचा तळ म्हणजे मधला स्पंज किंवा पुठ्ठा.

थोडे गणित

५० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती उभी आहे आणि तिच्या दोन्ही तळव्यांचे मिळून २०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र जमिनीला टेकले आहे असे धरू. दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो पाव किलोग्रॅम. आता ती चढावर सीटवरून उठून, सगळा भार एका पायडलवर टाकते. पायडलच्या दोन रबरी ठोकळ्यांचा बुटाला लागणारा भाग प्रत्येकी ८ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद, म्हणजे एकूण ३२ चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब होतो सुमारे १.६ किलोग्रॅम, म्हणजे सहापटीहून अधिक. रबर गळून नुसत्या दोन दांड्या उरल्या असतील आणि त्यांची जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंदी बुटाला लागत असेल, तर हाच दाब पंचवीसपट होतो.

सपाट रस्त्यावर बराचसा भार सीट आणि हँडल घेतात, त्यामुळे दाब याहून बराच कमी असतो. पण तो पुन्हा पुन्हा, त्याच जागी येतो. मिनिटाला साठ फेरे धरले, तर अर्ध्या तासात प्रत्येक पायावर १८०० वेळा. चालताना असे होत नाही. टाच टेकते, मग भार चवड्यावर सरकतो, शेवटी अंगठ्यावर येतो आणि पाय उचलला जातो. चालण्यासाठीचा बूट बोटांपाशी वाकावा लागतो आणि टाचेखाली मऊ असलेला बरा, कारण टाच दर पावलाला आपटते. सायकलवर टाच आपटतच नाही. म्हणून दुकानात चालून पाहिलेला बूट सायकलवर कसा वागेल, हे त्या चालण्यावरून कळत नाही.

चवड्यात काय दुखते?

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी पाच लांब हाडांची गोलसर टोके चवड्यात शेजारी शेजारी येतात. त्यांच्या मधून बोटांकडे जाणारे मज्जातंतू असतात. खालून पायडल दाबते आणि अरुंद बूट दोन्ही बाजूंनी हाडे एकमेकांजवळ ढकलतो. मधले मज्जातंतू चिमटले जातात. आग आणि मुंग्या त्यामुळेच. चवड्यातल्या अशा एका दुखण्याचे वर्णन अमेरिकन शल्यचिकित्सक टॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये केले. ते बहुधा तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधल्या मज्जातंतूला होते आणि आजही मॉर्टन यांच्याच नावाने ओळखले जाते.

उन्हाळ्यात आणि श्रमाने पाय थोडा सुजतो. सकाळी बेताचा वाटणारा बूट दुपारी घट्ट होतो, तो याच कारणाने.

मग बूट कसा निवडावा?

शर्यतीतले सायकलपटू कडक तळाचे बूट वापरतात. फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने १९८४ मध्ये बूट अडकवण्याचे नवे पायडल आणले आणि पुढच्याच वर्षी बेर्नार इनो यांनी ते वापरून 'तूर द फ्रान्स' जिंकली. अशा पायडलचा बुटाला टेकणारा भाग लहान असतो, म्हणून वरचा तळ कडकच हवा. पण निव्वळ कडकपणा पुरेसा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिशय कडक अशा कार्बन तंतूंच्या तळाच्या बुटांत तळपायावरचा सर्वाधिक दाब प्लॅस्टिकच्या तळाच्या बुटांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त आढळला. कडक फळी पायाच्या उंचसखल आकाराशी जुळली नाही, तर भार पुन्हा उंचवट्यांवरच येतो. म्हणून बाहेर कडक तळ आणि आत पायाच्या आकाराशी जुळणारा पातळ मऊ थर, अशी जोडी हवी.

आपल्याला शर्यतीचे बूट नकोत. साधा बूट घेताना एवढे पाहावे:

१. बूट संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून घ्यावा. बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहावी.

२. कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवावी. बुटाचा तळ चवड्यापाशी या आकृतीपेक्षा अरुंद असेल, तर तो बूट नको.

३. बूट दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून पाहावा. सहज दुमडणारा बूट सायकलला उपयोगाचा नाही.

४. नाडी चवड्याकडे सैल आणि घोट्याकडे बेताची घट्ट असावी.

स्लिपर घालून सायकल चालवणारे पुष्कळ असतात. स्लिपरचे रबर दाब पसरवत नाही आणि ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात. मागे पट्टा असलेली, जाड तळाची सँडल त्यापेक्षा बरी.

पाऊल कुठे ठेवतो, हेही महत्त्वाचे. पायडलचा आस चवड्याच्या बरोबर खाली येत असेल आणि आग होत असेल, तर पाऊल एखादा सेंटिमीटर पुढे सरकवून पाहावे. आस चवड्याच्या किंचित मागे गेला की भार हाडांच्या टोकांवरून थोडा हटतो.

सायकल सोडून दिल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी यात अजिबात हयगय करू नये.

उजवाच पाय का?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला. "सर, दोन्ही बूट सारखेच आहेत ना? मग एकच पाय कसा दुखतो?" आम्ही दोघे सायकल स्टँडवर गेलो. माझ्या उजव्या पायडलचा बाहेरचा रबरी ठोकळा केव्हाच गळून पडला होता आणि तिथे नुसती दांडी उरली होती. जुन्या, घट्ट तळाच्या बुटाने ते इतके दिवस झाकून ठेवले होते. तो तळ झिजला, तेव्हा आग सुरू झाली. नव्या मऊ बुटाने तर दांडी थेट पायापर्यंत पोचवली. मी पायडलची जोडी बदलली, रुंद चवड्याचा जाड तळाचा बूट घेतला आणि एस.टी.चा विचार सोडून दिला.

दाबाचा धडा शिकवताना मुलांना एकदा सायकल स्टँडवर न्यावे. प्रत्येकाने आपल्या पायडलचा बुटाला लागणारा भाग मोजावा आणि स्वतःच्या वजनावरून दाब काढावा. पाय दुखतो म्हणून सायकल नको म्हणणारे एखादे मूल त्यात असेल, तर त्याच्या त्रासाचे कारण त्या आकड्यात सापडण्याची शक्यता आहे.